ठेवाशोध व वन्यजीव-निरीक्षण : माळरानावरील एक दिवसाचा पाठ

(इयत्ता पाचवी ते सातवी. विषय : भूगोल, परिसर अभ्यास व गणित)



अक्षांश व रेखांश हा पाठ आपण सर्वजण शिकवितो. पृथ्वीगोल फिरवून दाखवितो, फळ्यावर आडव्या-उभ्या रेषा काढतो, आणि 'या रेषा काल्पनिक आहेत' हे वाक्य मुलांकडून पाठ करवून घेतो. मुले ते बिनचूक म्हणतात. परंतु आपली शाळा कोणत्या अक्षांशावर आहे, असे विचारताच वर्ग गप्प होतो. तीच गोष्ट 'प्राणिमात्रांवर दया करावी' या वाक्याची. तेही मुलांना बिनचूक येते, आणि शाळा सुटल्यावर तीच मुले कुंपणावरच्या सरड्याला दगड मारतात. दोन्ही ठिकाणी दोष एकच आहे. शब्द मुलांपर्यंत पोहोचला, वस्तू पोहोचली नाही.

हे दोन्ही पाठ एकाच दिवशी, उघड्या माळावर, प्रत्यक्ष कसे घेता येतील याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. हा प्रयोग मी स्वतः करून पाहिला आहे. पहिल्या खेपेस माझ्या हातून एक मोठी चूक घडली. ती येथे लपवून ठेवीत नाही, कारण पुढील सर्व आखणी त्या चुकीतूनच उभी राहिली.

१. खेळाची ओळख

जिओकॅशिंग या नावाने जगभर खेळला जाणारा एक खेळ आहे. आपण त्यास 'ठेवाशोध' म्हणू. कोणी एक जण एखादा डबा आडबाजूस ठेवतो व त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. दुसऱ्याने केवळ त्या दोन आकड्यांच्या आधारे तेथे पोहोचावयाचे, डबा हुडकून काढावयाचा, आतील वहीत आपले नाव व तारीख लिहावयाची आणि डबा होता तसा, होता तेथेच ठेवून परत यावयाचे. वहीतील आपल्या नावाची ओळ हेच काय ते बक्षीस.

खेळाचे मूळ जुने आहे. इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागात डार्टमूर नावाचे ओसाड पठार आहे. तेथे १८५४ साली जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने क्रॅनमियर पूल या आडजागी एक बाटली ठेवली. तेथवर पायी जाणाऱ्याने आपल्या नावाचे कार्ड तीत टाकावे, अशी प्रथा पडली. आजचा खेळ मात्र उपग्रहांच्या साह्याने चालतो. पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे जीपीएस व्यवस्थेचे उपग्रह सतत वेळेचे संदेश पाठवीत असतात. हातातील यंत्र किमान चार उपग्रहांचे संदेश घेते आणि ते येण्यास लागलेल्या वेळावरून आपली जागा काढते. पूर्वी सामान्य नागरिकांस मिळणाऱ्या संदेशांत अमेरिकन सरकार मुद्दाम चूक मिसळीत असे. त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत चुके. २ मे २००० रोजी ही मिसळ बंद झाली. लगेच दुसऱ्या दिवशी ऑरेगन राज्यातील बीव्हरक्रीक गावाजवळ डेव्ह उल्मर यांनी एक काळी बादली रानात ठेवली व तिचे अक्षांश-रेखांश प्रसिद्ध केले. हा या खेळाचा पहिला ठेवा होय.

त्या बादलीविषयी दोन गोष्टी शिक्षकाने ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. ती जमिनीत अर्धवट पुरलेली होती, आणि तीत इतर वस्तूंबरोबर शिजविलेल्या घेवड्याचा एक बंद डबाही होता. आज या दोन्ही गोष्टी खेळाच्या नियमांत बसत नाहीत. जमीन उकरून ठेवा पुरू नये, असा नियम आहे. खाद्यपदार्थ ठेवू नयेत, असाही नियम आहे, कारण वासाने प्राणी येतात व डबा फोडून टाकतात. दोन डब्यांमध्ये किमान १६१ मीटर अंतर असावे लागते, आणि जागा ज्याच्या ताब्यात आहे त्याची परवानगी घ्यावी लागते. पुढे २००४ साली बिनडब्याच्या ठेव्याचा प्रकार रूढ झाला. यात दिलेल्या जागी पोहोचून तेथील खडक, ओढा वा भूरूप नीट पाहावयाचे आणि विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे. पहिला असा ठेवा ऑस्ट्रेलियातील एका राष्ट्रीय उद्यानात होता. तात्पर्य, खेळता खेळता खेळणारे शहाणे होत गेले. आम्हांसही ते शहाणपण चुकूनच आले.

२. माझी चूक

पहिल्या खेपेस आम्ही हा खेळ गावच्या गायरानात खेळलो. चैत्राचे दिवस होते, शाळा सकाळची होती. आदल्या संध्याकाळी मी डबा दगडांच्या एका ढिगाऱ्याआड ठेवला, मोबाईलवर जागेचे आकडे टिपून घेतले आणि दुसऱ्या दिवशी इयत्ता सहावीची तीस मुले घेऊन निघालो. आकडे जुळत आले तशी मुले धावू लागली. ढिगाऱ्याजवळ एक टिटवी आमच्या डोक्यावर घिरट्या घालीत कर्कश ओरडत होती. एका मुलीने विचारले, "गुरुजी, ही का ओरडते?"

मी म्हणालो, "टिटवी ओरडतच असते. तू डबा शोध."

डबा सापडला. मुलांनी टाळ्या वाजविल्या, वहीत नावे लिहिली. परत फिरताना एक मुलगा मात्र जागचा हलेना. तो आपल्या पायांकडे पाहत उभा होता. उघड्या मुरमावर, बारीक खड्यांच्या एका कड्यात चार अंडी होती. तीन शाबूत होती, एक फुटले होते. मुरमाचा जो रंग, तोच अंड्यांचा, वर तसेच काळसर ठिपके. "गुरुजी, मला खडा वाटला," एवढेच तो म्हणाला.

मेंढरे घेऊन चाललेले एक वृद्ध धनगर आमच्याजवळ थांबले. त्यांनी अंड्यांकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. "गुरुजी, ती मघापास्नं सांगत हुती की," असे म्हणून ते पुढे गेले.

त्या मुलाचा दोष नव्हता. दोष माझ्या आखणीचा होता, आणि त्याचा हिशेब मला नंतर फळ्यावर मांडता आला. मोबाईल मोकळ्या आकाशाखाली जी जागा दाखवितो तीत सुमारे पाच मीटरची चूक संभवते. म्हणजे डबा पाच मीटर त्रिज्येच्या वर्तुळात कोठेही असू शकतो. अशा वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे ७८ चौरस मीटर होते. तेवढ्या जागेत मी तीस मुले, म्हणजे साठ पाय, एकदम सोडले होते. शिवाय ज्या पक्ष्याने आम्हांस स्वच्छ शब्दांत थांबविले होते, त्याचे बोलणे मीच खोटे ठरविले होते.

त्यानंतर आम्ही त्या ढिगाऱ्याकडे गेलो नाही. दूरच्या बांधावरून, दररोज पाच मुले, अशी पाहणी चालू ठेवली. टिटवी परत येऊन अंड्यांवर बसू लागली. ऊन चढले म्हणजे ती गुरांच्या हाळावर जाई, पोटाची पिसे पाण्यात भिजवून येई आणि त्या ओल्या पिसांनी अंडी झाकी. अंडी उबविण्यासाठी ऊब लागते हे मुलांनी पुस्तकात वाचले होते. चैत्राच्या उन्हात ती थंडही ठेवावी लागतात, हे त्यांनी तेथे पाहिले. सुट्टी लागण्यापूर्वी एके सकाळी दोन पिले आईमागे धावताना दिसली. जवळ जावे असे एकानेही म्हटले नाही.

शोधणे आणि पाहणे या दोन वेगळ्या विद्या आहेत. शोधणारा चालतो, घाई करतो, त्याचे लक्ष एकाच वस्तूवर असते. पाहणारा थांबतो आणि समोर येईल ते घेतो. आधी पाहण्यास शिकवून मगच शोधावयास सोडावे, हा या पाठाचा मुख्य नियम मी तेव्हा ठरविला. पुढील सर्व सूचना त्याला धरून आहेत.

३. वर्गातील तयारी

सहलीपूर्वी किमान दोन आठवडे तयारी करावी. प्रथम अक्षांशाचे माप मुलांच्या हाती द्यावे. एक अंश अक्षांश म्हणजे जमिनीवर सुमारे १११ किलोमीटर. अंशाचे साठ भाग केले की एक मिनिट होते, म्हणून एक मिनिट अक्षांश सुमारे १,८५० मीटर. मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे दोन मीटरांहून किंचित कमी, मोठ्या माणसाची दोन-तीन पावले. येथवर आले की मुलांच्या चेहऱ्यावर फरक दिसतो. पृथ्वीगोलावरील रेष त्यांच्या अंगणात उतरलेली असते.

रेखांशाचे माप मात्र सर्वत्र सारखे नाही. रेखांशाच्या रेषा ध्रुवांकडे जवळ जवळ येत जातात. यास्तव एक मिनिट रेखांश विषुववृत्तावर सुमारे १,८५५ मीटर भरते, तर पुणे जिल्ह्याच्या अक्षांशावर सुमारे १,७६० मीटरच. संत्र्याच्या फोडी दाखवून हे समजावून द्यावे.

यानंतर पुढीलप्रमाणे उदाहरणे द्यावीत. शाळेचा ध्वजस्तंभ १८ अंश २०.१५० मिनिटे उत्तर अक्षांशावर आहे व विहीर त्याच रेखांशावर १८ अंश २०.२५८ मिनिटांवर आहे, असे समजा. दोहोंत अंतर किती व विहीर कोणत्या दिशेस? वजाबाकी ०.१०८ मिनिटे, तिला १,८५० ने गुणले की सुमारे २०० मीटर, आणि आकडा वाढला म्हणून दिशा उत्तर. उत्तर काढून झाल्यावर ते अंतर पावलांनी मोजून घ्यावे. प्रत्येक मुलाने आपल्या शंभर पावलांचे मीटर किती होतात हे दोरीने मोजून वहीत लिहून ठेवावे. मोबाईल बंद पडला तरी हे माप बंद पडत नाही.

मोबाईलविषयी एक सूचना. उपग्रहांचे संदेश घेण्यास इंटरनेट लागत नाही, त्यामुळे रेंज नसलेल्या माळावरही अक्षांश-रेखांश मिळतात. नकाशा मात्र आधीच उतरवून घ्यावा लागतो. पाच मुलांच्या गटास एक मोबाईल पुरे, आणि तोही मोठ्या माणसाच्या हाती असावा. मुलांनी आकडे वाचावेत, दिशा सांगावी व निर्णय घ्यावा.

पाहण्याची तयारी याहून कठीण आहे. दररोज परिपाठानंतर पाच मिनिटे मुलांना आवारात एकेका झाडाखाली गप्प बसवावे. बोलावयाचे नाही, हलावयाचे नाही. दिसले-ऐकले ते नंतर सांगावयाचे. पहिल्या दिवशी मुले सांगतात, "काहीच नव्हते." आमच्या शाळेत आठव्या दिवशी एका मुलाने मुंगळ्यांची रांग, कोतवालाच्या दोन निरनिराळ्या आरोळ्या आणि खारीने तोंडात नेलेला सुतळीचा तुकडा सांगितला. आवार तेच होते. असे होऊ लागले म्हणजे वर्ग सहलीस योग्य झाला असे समजावे.

४. स्थळ व परवानगी

आम्ही बारामती तालुक्यातील सुपे येथील मयूरेश्वर अभयारण्य निवडले. जवळच्या मोरगावच्या मयूरेश्वरावरून त्यास हे नाव मिळाले आहे. १९९७ साली ते अभयारण्य म्हणून घोषित झाले. क्षेत्र ५.१४ चौरस किलोमीटर, म्हणजे सुमारे १,२७० एकर. अक्षांश सुमारे १८ अंश २० मिनिटे उत्तर, रेखांश सुमारे ७४ अंश २२ मिनिटे पूर्व. येथे घनदाट अरण्य नाही. गवताळ माळ, त्यावर विखुरलेल्या बाभळी, हिवर, बोरी व तरवड, आणि त्यात राहणारे चिंकारा हरीण, असे या अभयारण्याचे रूप आहे. आपल्या मुलांस हेच स्थळ योग्य, कारण असला माळ त्यांच्या गावालाही असतो व त्याला 'पडीक' म्हणण्याची आपणा सर्वांस सवय आहे. पडीक म्हटलेल्या जमिनीवर कोण कोण राहते, हे त्यांनी पाहावे.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे अभयारण्यातील प्रवेश व वर्तन नियमांनी बांधलेले आहे. यास्तव वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे आगाऊ लेखी अर्ज करावा, आणि अर्जात मुलांची संख्या, वेळ व कार्यक्रम स्पष्ट लिहावा. पालकांची संमतिपत्रे घ्यावीत. पाणी व प्रथमोपचाराची पेटी बरोबर असावी. अभयारण्यात डबा ठेवावयाचाच नाही. ठेवाशोध तेथे बिनडब्याचाच होईल. खरा डबा शाळेच्या आवारात, परत आल्यावर.

५. सकाळ : पाहणे

आम्ही जानेवारीत गेलो. सूर्योदयाच्या सुमारास प्रवेशद्वाराशी पोहोचलो. चिंकारा सकाळ-संध्याकाळ चरतो व उन्हाच्या वेळी सावलीस बसतो, म्हणून ही वेळ साधली पाहिजे. मुलांनी मातकट रंगाचे कपडे घातले होते. दहा-दहा मुलांच्या तीन तुकड्या केल्या, आणि वनरक्षकांनी दाखविलेल्या वाटेनेच, वारा समोरून येईल अशा बेताने, एकेक तुकडी सोडली.

वनरक्षकांनी मुलांना एकच कसोटी सांगितली. "हरणाने चरता चरता मान वर केली तर थांबायचं. ते चालू लागलं तर समजायचं, आपण जास्त जवळ आलो. आणि पळालं, तर आपण नापास." मुलांना परीक्षेची ही भाषा लगेच कळली.

आमच्या तुकडीने एका बाभळीच्या सावलीत वीस मिनिटे बैठक मारली. पहिली दहा मिनिटे माळ खरोखरच रिकामा दिसला. भोवत्या नावाचा शिकारी पक्षी गवतावरून सखल उडत गेला. हा हिवाळ्यात उत्तरेकडील थंड प्रदेशांतून आपल्याकडे येतो. एका काटेरी फांदीवर खाटीक पक्षी बसला होता. मग मागे बसलेल्या एका मुलीने माझ्या बाहीला हात लावला व हनुवटीनेच दिशा दाखविली. शंभरेक पावलांवर, जेथे आम्ही सगळे एवढा वेळ पाहत होतो तेथेच, दोन चिंकारा उभे होते. ते आता आले नव्हते, आधीपासूनच तेथे होते. वाळल्या गवताचा व त्यांच्या पाठीचा रंग एकच होता. एकाने शेपटी हलविली तेव्हा ते आम्हांस दिसले.

चिंकाऱ्याची माहिती तेथे सांगत बसू नये, ती नंतर वर्गात द्यावी. खांद्याशी उंची सुमारे ६५ सेंटिमीटर, म्हणजे बाकाएवढी. वजन सुमारे २३ किलोग्रॅम, म्हणजे तिसरीतल्या मुलाएवढे. नराची शिंगे वळ्यांची व लांब, मादीची आखूड व सरळ. डोळ्यापासून नाकाकडे उतरणारी गडद रेघ. पाने, गवत व दव यांतून मिळणाऱ्या ओलाव्यावर तो पाण्यावाचून पुष्कळ दिवस काढू शकतो. धोका जाणवला की पाय आपटतो व शिंकेसारखा आवाज करतो. पाडस जन्मल्यावर आई पहिले काही दिवस त्याला गवतात लपवून ठेवते व पाजण्यापुरती त्याच्याकडे येते. असे पाडस कोठे दिसल्यास ते 'टाकून दिलेले' समजून उचलून आणणे हा मोठाच अपराध होय. येथे टिटवीच्या अंड्यांची आठवण द्यावी. माळ हाही आपले ठेवे लपवितो. ते सापडले तर पाहावे, वहीत लिहावे आणि होते तसेच ठेवून परतावे. ठेवाशोधाचाही नियम अक्षरशः हाच आहे.

६. दहा वाजता : बिनडब्याचा शोध

ऊन चढू लागले म्हणजे प्राणी विसावतात. तेव्हा शोधाचा भाग घ्यावा. वनरक्षकांच्या संमतीने वाटेवरीलच पाच जागा आदल्या भेटीत निवडून ठेवाव्यात व त्यांचे आकडे चिठ्ठ्यांवर लिहून गटांस द्यावेत. गट पाच मुलांचा असावा. एक गट पुढील जागी गेल्यावरच दुसऱ्याने निघावे. वाट सोडावयाची नाही. आकडे जुळले की मोबाईल खिशात ठेवावयाचा, कारण शेवटच्या पाच मीटरांचे काम डोळ्यांचे आहे. आमचे पाच प्रश्न असे होते.

(१) पाणवठा : चिखलात दोन खुरांची ठशी व नख्यांची ठशी वेगळी करा. कोण पाण्याकडे आले व कोण परत गेले, हे ठशांच्या दिशेवरून सांगा.

(२) लेंड्यांचा ढीग : चिंकारा एकाच जागी वारंवार लेंड्या टाकतो. ओल्या व वाळलेल्या लेंड्या एकत्र आहेत का? यावरून काय कळते?

(३) दोन झाडे : एकाची साल काळसर व खडबडीत, दुसऱ्याची फिकट. ज्याच्या शेंगा मण्यांच्या माळेसारख्या दिसतात ती बाभूळ. मग दुसरे कोणते?

(४) काळा खडक : त्यातील बारीक पोकळ्या कशाने झाल्या? (सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी येथे लाव्हारसाचे थर पसरले. थिजताना त्यात अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांच्या या जागा.)

(५) वारूळ : त्याची सावली पावलांनी मोजा, आपल्या उंचीच्या काठीची सावली मोजा व त्रैराशिकाने वारुळाची उंची काढा. वारुळास हात लावावयाचा नाही.

पहिल्या प्रश्नापाशी एका गटाने दोन खुरांच्या ठशांवर कुत्र्याचे ठसे उमटलेले पाहिले. कुत्रे हरणाच्या मागाहून गेले होते. वनरक्षकांनी सांगितले की आसपासच्या वस्त्यांतील मोकाट कुत्री हरणांचा पाठलाग करतात. मुले गप्प झाली. गटातील एकाच्या घरी तीन मोकळी कुत्री होती. या ठिकाणी मी उपदेश केला नाही. ठसे पुरेसे बोलले होते.

सुरक्षिततेची एक गोष्ट नेहमी पाळावी. दगडाखाली, बिळात वा ढोलीत हात घालावयाचा नाही. माळावरील दगडांच्या आडोशाला फुरसे असते. डबा ठेवावयाचा झाला तरी तो अशा जागी कधीही ठेवू नये. माझा पहिला ढिगारा या दृष्टीनेही चुकीचाच होता.

७. दुपार : खरा ठेवा

जेवण अभयारण्याबाहेर करावे व उष्टे-खरकटे, कागद, पिशव्या परत आणाव्यात. शाळेत आल्यावर डब्याचा शोध घ्यावा. घट्ट झाकणाचा एक डबा, त्यात वही व पेन्सिल. पेन नको, शाई ओलीने पसरते. खाऊ नको. डब्यावर 'शाळेचा ठेवा, कृपया येथेच ठेवावा' असे ठळक लिहावे. जागा गटानेच निवडावी व निवडताना पुढील चार प्रश्नांची उत्तरे लेखी द्यावीत : येथे कोणाचे घरटे, बीळ वा वारूळ आहे काय? ही जागा कोणाच्या मालकीची आहे? शोधणारे किती जण येतील व कोठे पाय देतील? दगड किंवा माती हलवावी लागेल काय?

या चार प्रश्नांवर आमच्या मुलांनी पहिल्या तीन जागा स्वतःच नाकारल्या. चिंचेच्या ढोलीत पिंगळा राहतो, कुंपणापलीकडची जमीन शेजाऱ्यांची, आणि विहिरीचा काठ धोक्याचा, अशी कारणे त्यांनी वहीत लिहिली. हा कागद मला साऱ्या सहलीतील सर्वांत मोलाचा वाटतो. चौथी जागा, ध्वजस्तंभामागच्या कट्ट्याचा कोनाडा, सर्वांनी मान्य केली.

८. नोंद व पडताळा

दुसऱ्या दिवशी प्रत्येक मुलाने एक पान लिहावे. पानावर जागेचे आकडे, वेळ, पाहिलेले प्राणी-पक्षी, आणि 'मी काय न करता परत आलो' हा एक रकाना असावा. हा शेवटचा रकाना आवर्जून ठेवावा. आपल्या परीक्षांत काय केले याचे गुण मिळतात, काय टाळले याचे नाहीत. ज्या मुलाच्या पायाखाली अंडे फुटले होते, तो आता सातवीत होता व या सहलीत गटप्रमुख होता. त्याने त्या रकान्यात लिहिले, "गट पळत होता. मी थांबवला. तिथे काही नव्हते. पण असते तर."

पडताळ्यासाठी एवढे पाहावे. मूल आपल्या शाळेचे अक्षांश-रेखांश न पाहता सांगते काय? दोन आकड्यांतील फरकाचे मीटर करते काय? दहा मिनिटे न बोलता बसते काय? आणि पक्षी ओरडू लागला तर चालणे थांबवून भोवती पाहते काय? पहिल्या दोन प्रश्नांचे गुण देता येतात. उरलेल्या दोहोंचे देता येत नाहीत, पण गायरानातून मुलांबरोबर चालताना उत्तर कळते.

ज्यांना मयूरेश्वर दूर पडते, त्यांनी हा पाठ गावच्या गायरानात, तळ्याकाठी वा देवराईत घ्यावा. नियम तेच राहतील, क्रमही तोच : आधी पाहणे, मग शोधणे. फक्त चैत्रापासून आषाढापर्यंत, म्हणजे जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांच्या विणीच्या दिवसांत, माळावरील शोधाचा भाग वगळावा व बांधावर बसून नुसते पाहावे. तेवढ्यानेही पाठ पुरा होतो. पुढे जावे की नाही ही शंका आलीच, तर ती माळावरच्या टिटवीस विचारावी. ती सांगत असते. आपण ऐकावयाचे.